हिशेबाचा पक्का माणूस

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव निघाले की दोन मेणबत्त्यांची गोष्ट हटकून सांगितली जाते. सरकारी काम चालू असेपर्यंत सरकारी मेणबत्ती जळायची आणि घरचे पत्र लिहायला घेतले की ती विझवून स्वतःच्या पैशाची पेटवायची. शाळेत ही गोष्ट मी दोन-तीन वेळा तरी ऐकली असेल. थोरांभोवती अशा गोष्टी जमतातच. पण खरे सांगायचे तर मेणबत्ती वाचवणे हा सचोटीचा सोपा भाग झाला. लाखो रुपयांचे काम हाती आहे, वरचा साहेब घाई करतो आहे, डोक्यावर पावसाळा आहे, अशा वेळी माणूस कसा वागतो हे अधिक महत्त्वाचे. त्यासाठी त्यांच्या कामांकडेच वळले पाहिजे. त्यांतली बरीचशी कामे तर आपल्याच महाराष्ट्रात झाली आहेत.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे जाणकार, पण घरची स्थिती बेताची. वडील लवकर गेले. मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी बेंगळुरूत बी. ए. केले. पुढचे शिक्षण त्यांच्या आवाक्यात नव्हते. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली म्हणून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये येऊ शकले. हेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १८८३ मध्ये ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. ही शिष्यवृत्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

नोकरी नवी असतानाच त्यांना खानदेशात धुळ्याकडे पांझरेवर एक सायफन बांधण्याचे काम मिळाले. पाटाचे पाणी नळातून नदीच्या तळाखालून पलीकडे न्यायचे, असे ते काम. ते अर्धे झाले तोच पावसाळा लागला. पूर यायचा आणि खोदलेल्या जागी वाळू भरायची. तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना लिहून कळवले की, पावसाळा संपेपर्यंत हे काम थांबवणे बरे. साहेबाला ते रुचले नाही. नव्या नोकराची ही कुरकूर त्याला अवज्ञेसारखी वाटली. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही, पुरातच काम चालू ठेवले आणि ते पुरे करून दाखवले.

चरित्रकार ही गोष्ट जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात. मला मात्र तिचा पहिला अर्धा भाग मोठा वाटतो. अडचण दिसली तेव्हा ती त्यांनी पोटात ठेवली नाही, कागदावर आणली. साहेबाची मर्जी जाईल हे ठाऊक असूनही आणली. आणि निर्णय आपल्याविरुद्ध गेल्यावर काम मुद्दाम रेंगाळत ठेवले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात क्वचित आढळतात.

पुढे ते पुण्यास आले. मुठा कालव्याला पाणी पुरवणारा खडकवासल्याचा तलाव तेव्हा लेक फाइफ या नावाने ओळखला जाई. पावसाळ्यात सांडव्यावरून भरमसाट पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई पडे. धरणाची भिंत उंच करावी तर खर्च मोठा आणि जुन्या भिंतीवर भरवसा किती ठेवायचा हा प्रश्न. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दारे स्वतःच उघडत आणि पातळी उतरली की पुन्हा मिटत. भिंतीला हात न लावता सुमारे आठ फूट जादा पाणी साठू लागले. या दारांचे पेटंट त्यांच्या नावावर झाले, पण त्यांनी सरकारकडून मानधन घेतले नाही. सरकारच्या पगारावर असताना सुचलेल्या गोष्टीचे वेगळे पैसे कसले घ्यायचे, असा त्यांचा हिशेब होता.

याच काळात त्यांनी कालव्यांच्या पाण्यासाठी ब्लॉक पद्धत आणली. तोवर कालव्याच्या तोंडाशी असलेले मोजके बागाईतदार उसाला वाटेल तितके पाणी घेत. त्यांच्या जमिनी चिबड होत, गावात हिवताप पसरे आणि शेवटच्या गावाला पाण्याचा थेंब मिळत नसे. नव्या पद्धतीत ऊस साधारण एक तृतीयांश क्षेत्रातच घ्यायचा, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि पाळी फिरवत न्यायची. बागाईतदारांनी अर्थातच विरोध केला. शेपटाकडच्या गावचा माणूस असल्या योजनेचे मोल जाणतो.

खडकवासल्याचा विषय निघाला आहे तर थोडे आडवाटेला जातो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही गेले. पुण्याने तो दिवस विसरलेला नाही. पानशेतचे काम पुरते झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी साठवले गेले होते. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीचे. पांझरेवरून लिहिलेले ते नकोसे पत्र मला अशा वेळी आठवते. काम थांबवा, असे लिहिणारा कोणीतरी हवा असतो, आणि ते वाचणाराही.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. सर्वांत वरची खुर्ची हिंदी माणसाला मिळण्याची आशा नव्हती. त्याच वर्षी हैदराबादला मुसी नदीचा भयंकर पूर आला, तेव्हा पुरापासून शहर वाचवण्याची योजना त्यांनी आखली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना जेवायला बोलावले आणि कोणीही माझ्याकडे वशिल्यासाठी यायचे नाही, असे सर्वांकडून कबूल करून घेतले, असे सांगतात. आपल्याकडे नातेवाइकाला मोठे पद मिळाल्यावर जेवण घालतात ते नेमके उलट्या आशेने.

कावेरीवरील कृष्णराजसागर हे त्यांचे सर्वांत गाजलेले काम. ते १९११ मध्ये सुरू झाले. मद्रास सरकारची संमती ८० फुटांच्या साठ्याला होती. पाया मात्र १२४ फुटांच्या भिंतीला पुरेल असा घातला गेला. तंटा लवादाकडे गेला आणि अखेर १९२४ मध्ये करार झाला. दूरदृष्टी म्हणून या रुंद पायाचे कौतुक होते, पण शेजाऱ्याने होकार दिलेला नसताना पाया रुंद घालणे हे मला थोडे खटकते. जलाशयाखाली गेलेल्या कन्नंबाडी गावाबद्दल तर चरित्रांत एखाद-दुसरीच ओळ सापडते.

आता त्या शिष्यवृत्तीकडे येतो. म्हैसूर संस्थानात तेव्हा बहुतेक सरकारी नोकऱ्या लोकसंख्येने मूठभर असलेल्या ब्राह्मण समाजाकडे होत्या. ब्राह्मणेतरांनी गाऱ्हाणे मांडले. महाराज कृष्णराज वडियार यांनी १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मागासलेल्यांना नोकरीत वाटा कसा मिळेल, हा तिचा विषय होता. विश्वेश्वरय्यांना हे पटले नाही. नेमणूक गुणांवरच झाली पाहिजे, नाहीतर कारभार ढासळेल, असे त्यांचे मत. त्या वर्षअखेर त्यांनी दिवाणपद सोडले. पटत नसताना खुर्चीला चिकटून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि एवढ्यापुरता त्यांचा हा सरळपणा मान्य करावाच लागतो.

पण मतभेद सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वशिला आणि सवलत या त्यांना एकाच जातीच्या गोष्टी वाटल्या. त्या तशा नाहीत. वशिला ज्याच्या घरात आधीच दिवा आहे त्याला आणखी तेल देतो. ते स्वतः गरीब होते हे खरे, परंतु त्यांच्या घरात पोथ्या होत्या. माझ्या घरात पहिले पुस्तक आले ते माझ्या पहिलीचे. फीच्या सवलतीचा अर्ज भरला तेव्हा वडिलांनी त्यावर अंगठा उठवला. विश्वेश्वरय्यांना पुण्याला आणणारा पैसाही सरकारचाच होता आणि त्याने कारभार ढासळला नाही, उलट एक उत्तम इंजिनिअर घडला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ मध्येच निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांना जे दिसले ते या हिशेबी माणसाला का दिसू नये, याचे नवल वाटते. आणि याच माणसाने १९१३ मध्ये म्हैसुरात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणला, १९१६ मध्ये विद्यापीठ काढले, गावोगाव शाळा वाढवल्या. सवलत मागणारी पिढी त्या शाळांतूनच पुढे येणार होती.

दिवाणपद गेल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. १९२६ मध्ये मुंबईच्या बॅकबे भराव योजनेचा बोजवारा उडाला, तेव्हा चौकशी समितीवर तेही होते. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात बुडत होता, तो त्यांनी हाती घेतला आणि घडी बसेपर्यंत स्वतःसाठी मोबदला घेतला नाही. नंतर सरकारने साठलेली रक्कम देऊ केली. ती त्यांनी तरुणांना सुतारकाम, यंत्रकाम असे हातचे धंदे शिकवणारी संस्था काढण्यासाठी देऊन टाकली. संस्थेला त्यांचेच नाव द्यावे असा आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही. ती १९४३ मध्ये बेंगळुरूत जयचामराजेंद्र महाराजांच्या नावाने सुरू झाली.

नव्वदी उलटल्यावरही बिहारात गंगेवरच्या पुलासाठी जागा पाहायला ते स्वतः गेले होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १४ एप्रिल १९६२ रोजी बेंगळुरूत त्यांचे निधन झाले.