श्रीमाधवेंद्रपुरी आणि रेमुण्याची खीर

श्रीमाधवेंद्रपुरी हे पंधराव्या शतकातील एक विरक्त संन्यासी. श्रीचैतन्य महाप्रभूंना गयेस मंत्रदीक्षा देणारे श्रीईश्वरपुरी हे त्यांचेच शिष्य होत. त्यांचे व्रत अयाचित वृत्तीचे होते. कोणी आपण होऊन दूध दिले तर ते प्राशन करावे, नाही तर उपवास; मुखाने मागावयाचे नाही. कृष्णदास कविराजांनी ‘चैतन्यचरितामृत’ या बंगाली ग्रंथात त्यांची कथा मोठ्या प्रेमाने वर्णिली आहे.

गोवर्धनाजवळ गोविंदकुंडावर ते उपाशी बसले असता एका गोपबालकाने त्यांना दूध आणून दिले. रात्री तोच बालक स्वप्नात आला आणि कुंजात दडलेली आपली मूर्ती बाहेर काढण्याची त्याने आज्ञा केली. अशा रीतीने गोपाळ प्रकट झाला व पर्वतावर अन्नकूट झाला. ज्यांनी स्वतःसाठी कधी मूठभर पीठ मागितले नाही, त्यांच्या देवासाठी गावेच्या गावे धान्य, दूध, तूप घेऊन लोटली. नव्या वस्त्रावर पळसाची पाने अंथरून भाताची रास रचली गेली आणि तिच्या भोवती पोळ्यांच्या चळती लागल्या. हाच गोपाळ पुढे 1672 मध्ये नाथद्वारी श्रीनाथजी म्हणून विराजमान झाला.

पुढे आपल्या अंगाचा दाह शमविण्यासाठी गोपाळाने मलयचंदन मागितले. ते आणण्यासाठी पुरीकडे जाताना माधवेंद्रपुरी ओरिसातील बालेश्वरजवळच्या रेमुणा गावी थांबले. तेथे गोपीनाथास सायंकाळी मातीच्या बारा भांड्यांतून ‘अमृतकेली’ नावाची खीर अर्पण होत असे. न मागता थोडी मिळाली तर चव कळेल आणि तशीच खीर आपल्या गोपाळास करून घालता येईल, असे त्यांच्या मनात आले. आणि तत्क्षणी ते लज्जित झाले. नैवेद्यापूर्वी पदार्थ चाखू नये, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. येथे तर जिभेला काहीच लागले नव्हते, इच्छाही देवासाठीच होती. तथापि देव जेवीत असताना त्याच्या अन्नाकडे आपले मन गेले, हे त्यांना सहन होईना. आरती होताच ते निघून गेले आणि ओसाड बाजारात नामस्मरण करीत बसले.

इकडे शेजारती झाल्यावर पुजाऱ्यास स्वप्न पडले. एक भांडे देवाने आपल्या वस्त्राआड लपवून ठेवले होते. ते बाजारातील संन्याशास नेऊन द्यावयाचे होते. पुजारी स्नान करून गाभाऱ्यात गेला, तो खीर खरोखरच तेथे होती. नावाने हाका मारीत त्याने त्यांना शोधून काढले. माधवेंद्रांनी प्रसाद घेतला, भांडे धुऊन फोडले, त्याचे तुकडे उपरण्यात बांधले आणि पुढे रोज एकेक तुकडा ते भक्षण करीत. सकाळी लोकांची गर्दी होईल या भयाने रात्रीच त्यांनी पुरीची वाट धरली.

पुरीहून एक मण चंदन व वीस तोळे कापूर घेऊन ते परतले, तेव्हा रेमुण्यासच गोपाळाने स्वप्नात आज्ञा केली की गोपीनाथाचा देह आणि आपला देह एकच आहे, चंदन त्यालाच लावावे. त्यांनी उन्हाळाभर ते गोपीनाथास लावविले.

1510 मध्ये श्रीचैतन्य महाप्रभू पुरीस जाताना रेमुण्यास उतरले आणि हीच कथा त्यांनी सोबत्यांना सांगितली. पुजाऱ्यांनी खिरीची बारा भांडी पुढे ठेवली. महाप्रभूंनी पाच घेतली व सात परत दिली.