नानांची पत

गिरगावच्या मुख्य रस्त्याला जगन्नाथ शंकरशेट मार्ग असे नाव आहे. ग्रँट रोड स्टेशनजवळचा नाना चौकही त्यांचाच. पत्ता सांगताना हे नाव रोज घेतले जाते. पण हे नाना कोण, असे घरातल्या मुलांना विचारून पाहा!

मुरबाडच्या मूळ घराण्यातल्या नानांचा जन्म १८०३ सालचा. १८२२ साली वडील गेले आणि मोठा व्यापार १९ वर्षांच्या मुलाच्या हाती आला. नोकरीची सारी वर्षे बँकेत गेल्यामुळे असेल, मला नानांच्या पैशापेक्षा त्यांची पत अधिक मोलाची वाटते. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. पत एकदा गेली की गेली. ती पणाला लावायला छाती लागते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. त्या रेल्वे कंपनीच्या उभारणीत नाना होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती गिरगावातच. मुलगी शिकली तर घर बुडेल, असे मानणारा तो काळ. १८४९च्या सुमारास स्टुडंट्स सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. स्वतः देवधर्म पाळणाऱ्या या गृहस्थाने समाजाचा रोष उंबरठ्याच्या आत घेतला.

सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवण्याचा सरकारचा बेत होता. गिरगावच्या गरिबाने खांद्यावर तिरडी घेऊन तेवढे अंतर कसे चालावे? नाना आडवे आले. स्मशान जागेवरच राहिले. मरीन लाइन्सला ते आजही आहे. पुढे १८५७च्या उठावात त्याच सरकारने त्यांच्यावर संशय घेतला. नाना त्यातूनही निष्कलंक बाहेर पडले.

३१ जुलै १८६५ रोजी ते वारले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मात्र राहिली. १९१२ साली ती मिळवणारे चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आम्हा बँकवाल्यांना याचा कोण अभिमान!

आज गिरगावातल्या चाळी पडून टोलेजंग इमारती उठत आहेत. जागेचा भाव चौरस फुटावर ठरतो. त्याच गिरगावात एका धनिकाने आपल्या राहत्या घरातली जागा परक्यांच्या लेकींना दिली होती, एवढे तरी मुलांना सांगायला हवे.