अँड्र्यू एलिकॉट डग्लस

अँड्र्यू एलिकॉट डग्लस (५ जुलै, १८६७ - २० मार्च, १९६२) हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ आणि वृक्षवलयांवरून कालनिर्णय करण्याच्या शास्त्राचे जनक होते.

ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेत काम करीत असताना मंगळावरील कालव्यांबाबत संस्थापक लॉवेल यांच्याच निष्कर्षांवर त्यांनी शंका घेतली आणि १९०१ मध्ये त्यांना नोकरी गमवावी लागली. पुढे सौर डागांच्या ११ वर्षांच्या चक्राचा पावसाशी असलेला संबंध शोधताना ते झाडांकडे वळले. त्या कोरड्या प्रदेशात पावसाळी वर्षी खोडातील वलय रुंद होते, तर अवर्षणात अरुंद. जिवंत झाडांच्या वलयांचा क्रम जुन्या तुळयांशी जुळवीत त्यांनी तो मागे नेला. १९२९ मध्ये शो लो येथे मिळालेल्या जळक्या तुळईने मधला खंड सांधला आणि प्राचीन पुएब्लो वस्त्यांची वर्षे निश्चित झाली. सौरचक्राविषयीचा त्यांचा मूळ दावा मात्र सर्वमान्य झाला नाही.

भारतात ही पद्धत सागाला लागू पडली. उष्ण कटिबंधातील अनेक वृक्षांत वार्षिक वलये अस्पष्ट असतात. परंतु अमरावती जिल्ह्यातील मेळघाट आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा येथील वनांत आढळणारा साग उन्हाळ्यात पर्णहीन होतो व त्याची वलये ठळक उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने मध्य भारतातील सागाच्या वलयांवरून पूर्वीच्या मोसमी पावसाचा अभ्यास केला आहे.