नापास विद्यार्थ्याचा दुसरा अर्ज

१४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन. जगभर तोच दिवस मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, कारण इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मिळाले. या विषयातले नोबेल त्यांच्याहून लहान वयात आजवर कोणालाही मिळालेले नाही. मात्र हेच बँटिंग विद्यापीठाच्या पहिल्याच वर्षी नापास झाले होते आणि वैद्यकीय शाखेत जागा मिळावी म्हणून त्यांना वेगळा विनंतीअर्ज करावा लागला होता.

फ्रेडचा जन्म १८९१ चा, कॅनडातील ओंटारियो प्रांतात ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतावरचा. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. शेतातली कामे आणि जनावरांची देखभाल यांत हा मुलगा रमे, पण अभ्यासात बेताचाच. स्पेलिंग तर त्याचे आयुष्यभर कच्चे राहिले. घरचे वातावरण धार्मिक होते आणि सुरुवातीला त्याची वाटही धर्मोपदेशक होण्याच्या दिशेने जात होती. १९१० मध्ये त्याने टोरांटो विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया कॉलेजात कला शाखेत नाव घातले आणि पहिल्या वर्षाची गाडी तिथेच अडली.

घरी शेती होती, त्यामुळे परत जाऊन नांगर धरणे अवघड नव्हते. कला शाखेतच धडपडत पदवी काढण्याचा दुसरा मार्गही मोकळा होता. फ्रेडने दोन्ही सोडून १९१२ मध्ये विद्यापीठाकडे वैद्यकीय शाखेत घेण्याची विनंती केली. तेव्हा आजच्यासारखी लाखो मुलांची एकच प्रवेश परीक्षा नव्हती, हे खरे. तरीही हातात नापासाचा निकाल घेऊन त्याच विद्यापीठाच्या दारात पुन्हा उभे राहणे सोपे नसते. विद्यापीठाने अर्ज मान्य केला आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्याचे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले.

तिथे तो एकदम चमकला, असे काही घडले नाही. वैद्यकीय शाखेतही तो मध्यम विद्यार्थीच होता. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सैन्यात जाण्याचा त्याने प्रयत्न केला, पण नजर कमजोर म्हणून त्याला नाकारण्यात आले. १९१५ मध्ये पुन्हा प्रयत्न केल्यावर मात्र प्रवेश मिळाला. आघाडीवर डॉक्टरांची गरज असल्याने त्याच्या तुकडीचा अभ्यासक्रम आटोपता घेतला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये पदवी हाती आली. आधीच कच्चा असलेला पाया घाईघाईत आणखी कच्चा राहिला. ही उणीव पुढे त्यांना बरीच महागात पडली.

युद्धात मात्र त्यांचे दुसरे गुण दिसले. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा उजव्या हातात घुसला. तशा अवस्थेतही ते कित्येक तास इतर जखमींवर उपचार करीत राहिले. या कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे पदक देण्यात आले.

मायदेशी परतल्यावर टोरांटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतले, पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. मग जुलै १९२० मध्ये ओंटारियोतल्याच लंडन या गावी त्यांनी दवाखाना थाटला. पहिला रुग्ण येईपर्यंत काही आठवडे गेले. पहिल्या महिन्याची कमाई होती चार डॉलर. पोटापाण्यासाठी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अर्धवेळ शिकवण्याचे काम पत्करले.

ऑक्टोबर १९२० च्या अखेरीस शरीरातील साखरेच्या चयापचयावर विद्यार्थ्यांसमोर बोलायचे होते. विषय फारसा माहीत नसल्याने बँटिंग रात्री वाचत बसले. त्यांच्या हाती स्वादुपिंडावरचा एक नवा लेख लागला. स्वादुपिंड दोन कामे करते. त्यातील बहुतेक पेशी अन्न पचवणारे रस तयार करून नळीवाटे आतड्यात सोडतात. या पेशींच्या मधोमध पेशींचे छोटे पुंजके असतात. त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. रक्तातील साखर ताब्यात ठेवणारा स्राव या बेटांतून निघत असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. १८८९ मध्ये जर्मनीत एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह झाल्याचे दिसले होते. अनेकांनी स्वादुपिंडाचा अर्क काढून पाहिला, पण उपचार म्हणून भरवशाने देता येईल असा अर्क कोणालाच साधला नव्हता.

त्या लेखात खड्यामुळे स्वादुपिंडाची नळी बंद झालेल्या रुग्णाचे वर्णन होते. नळी बंद झाली की पाचकरसाच्या पेशी झिजून जातात, पण बेटे शाबूत राहतात. बँटिंग यांना वाटले, कुत्र्याची ही नळी मुद्दाम बांधावी, पाचकरसाच्या पेशी झडू द्याव्यात आणि उरलेल्या बेटांतून तो स्राव काढावा. मध्यरात्र उलटून गेल्यावर उठून त्यांनी ही कल्पना वहीत टिपली. त्या टिपणात मधुमेह या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंगच चुकलेले आहे.

ही कल्पना घेऊन नोव्हेंबरात ते टोरांटोला प्राध्यापक जॉन मॅक्लिऑड यांना भेटले. मॅक्लिऑड या विषयातले मोठे नाव होते. समोरच्या तरुण शल्यचिकित्सकाने आधीचे संशोधन फारसे वाचलेले नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आले. तरीही त्यांनी दार बंद केले नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतली जागा, काही कुत्री आणि एक मदतनीस द्यायला ते तयार झाले. हा मदतनीस म्हणजे चार्ल्स बेस्ट. रक्तातील साखर मोजण्याचे तंत्र बेस्टला येत होते, बँटिंग यांना येत नव्हते. शस्त्रक्रिया बँटिंग करू शकत होते, बेस्ट करू शकत नव्हता.

१७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. पहिल्या काही आठवड्यांत बरीच कुत्री दगावली. उन्हाळा कडक होता, जखमा चिघळत होत्या, नळीचे टाके सुटत होते. बँटिंग टाके घालण्याची पद्धत बदलत राहिले आणि हळूहळू हात बसला. ३० जुलैला अर्काचे इंजेक्शन दिलेल्या कुत्र्याच्या रक्तातील साखर खाली आली. पुढे असेही लक्षात आले की नळी बांधण्याची मुळात गरजच नव्हती. अल्कोहोल वापरून कत्तलखान्यातल्या जनावरांच्या सबंध स्वादुपिंडातूनही अर्क काढता येत होता. म्हणजे ज्या कल्पनेवर सारा डाव मांडला, तिचा तपशील चुकीचा निघाला. पण त्या कल्पनेच्या मागे लागल्यामुळेच ते उत्तरापर्यंत पोहोचले.

अपुऱ्या तयारीची किंमतही त्यांना मोजावी लागली. रुमानियातील निकोलाय पाउलेस्कू यांनी १९२१ मध्येच अशाच प्रयोगांचे निष्कर्ष फ्रेंचमध्ये छापले होते. बँटिंग आणि बेस्ट यांनी आपल्या पहिल्या शोधनिबंधात त्यांचा उल्लेख केला, पण त्यांचे निष्कर्ष चुकीचे सांगितले. पाउलेस्कूंवर झालेल्या या अन्यायाबद्दल बेस्ट यांनी पुढे खेद व्यक्त केला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत नामवंत शरीरशास्त्रज्ञांपुढे काम मांडताना बँटिंग अडखळले. प्रश्नांची उत्तरे मॅक्लिऑड यांना द्यावी लागली. श्रेय हिरावले जात आहे, अशी सल बँटिंग यांच्या मनात तेव्हापासून वाढत गेली.

त्याच सुमारास जेम्स कॉलिप हे जीवरसायनशास्त्रज्ञ या गटात आले. अर्क शुद्ध करणे हे त्यांचे काम. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचे वजन तीस किलोही नव्हते. त्या काळी अशा मुलांना जेमतेम जगण्यापुरते अन्न देऊन काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षे मरण लांबवले जाई. त्याखेरीज उपाय नव्हता. पहिला प्रयोग फसला. साखर थोडीच उतरली आणि इंजेक्शनच्या जागी गळू झाले. २३ जानेवारीला कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क देण्यात आला. रक्तातील साखर ५२० वरून एका दिवसात १२० वर आली. लिओनार्ड पुढे तेरा वर्षे जगला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी बँटिंग यांच्याकडे आली. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या या मुलीचे वजन साधारण वीस किलो होते. इन्सुलिन सुरू झाल्यावर ती जेवू लागली, तिने शिक्षण पूर्ण केले, संसार केला आणि वयाची सत्तरी ओलांडून १९८१ मध्ये तिचे निधन झाले.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला दिले. ज्या विद्यापीठाने बँटिंग यांना एकदा नापास केले आणि नंतर पदरात घेतले, तेच हे विद्यापीठ. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना जाहीर झाले, तेव्हा बेस्टचे नाव नाही म्हणून बँटिंग संतापले आणि आपल्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी बेस्टला दिला. मॅक्लिऑड यांनीही आपला निम्मा वाटा कॉलिप यांना दिला. चौघांच्या मनातली कटुता मात्र पूर्णपणे गेली नाही.

पुढच्या काळात बँटिंग यांनी कर्करोगावर काम केले, पण इन्सुलिनसारखे यश पुन्हा आले नाही. फुरसतीत ते निसर्गचित्रे रंगवत. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या आरोग्यावरील संशोधनात त्यांनी लक्ष घातले. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडला निघालेले त्यांचे विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळले आणि त्यांचा अंत झाला. तेव्हा ते ४९ वर्षांचे होते.

ही गोष्ट ऐकून, गुणांना काही अर्थ नसतो, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. वाचन अपुरे असल्याचा, पाया कच्चा असल्याचा त्रास बँटिंग यांना पावलोपावली झाला. निकालपत्रात दिसलेली उणीव खरीच होती. पण शस्त्रक्रियेचा हात, हटवादी चिकाटी आणि फसलेले काम पुन्हा सुरुवातीपासून करण्याची तयारी, या गोष्टी त्या निकालपत्रात मोजल्याच गेल्या नव्हत्या. जी उणीव होती ती बेस्टने, कॉलिप यांनी आणि मॅक्लिऑड यांनी भरून काढली. बँटिंग यांना हे मान्य करणे जड गेले, तरी काम पुढे गेले ते त्यामुळेच.

प्रवेश परीक्षेत अपयश आलेल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. दुसरा अर्ज करण्यात कमीपणा नाही. मात्र तो करण्याआधी पहिल्या वेळी नेमके काय कमी पडले, हे स्वतःशी कबूल करावे आणि ते भरून काढण्यासाठी कोणाची मदत घ्यायची ते ठरवावे. तोच अभ्यास त्याच पद्धतीने पुन्हा करून निकाल क्वचितच बदलतो. आणि मन फारच खचलेले दिसले, झोप उडाली, मूल बोलेनासे झाले, तर निकालाची चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेहाबद्दलही दोन शब्द. मुलाला सारखी तहान लागत असेल, लघवीला वारंवार जावे लागत असेल, खाऊनही वजन घटत असेल किंवा रात्री अंथरूण ओले होणे नव्याने सुरू झाले असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या. उलट्या, पोटदुखी आणि धाप लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. तेव्हा थेट रुग्णालय गाठा. लहान मुलांत आढळणाऱ्या टाइप १ मधुमेहात इन्सुलिन रोज आणि आयुष्यभर घ्यावे लागते. कोणी काढा दिला, पथ्य सांगितले किंवा मूल एक दिवस जेवले नाही, म्हणून ते परस्पर बंद करू नका. लिओनार्डच्या आधी या मुलांसाठी काहीच नव्हते. आज इन्सुलिन आहे, तर ते वेळेवर पोहोचले पाहिजे.