शिंद्यांची बोट ते बेंगळूरचं विमान : वालचंद शेठ आयुष्यभर परवानगीशी भांडले

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. बंदरांवर कार्यक्रम होतात, पेपरात चार ओळींची बातमी येते आणि विषय संपतो. तारीख हीच का, हे फारसं कुणी विचारत नाही. १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ नावाची बोट मुंबईहून लंडनला निघाली. बोट हिंदी मालकीची होती, आणि इंग्रजांच्या मक्तेदारीच्या समुद्रात ती उतरली होती. ती विकत घेणाऱ्यांपैकी एक होते सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी. त्यांचं निधनही एप्रिलमधलंच, ८ एप्रिल १९५३ चं.

आपल्या भागात त्यांचं नाव सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळे घरोघरी माहीत आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची कितीतरी मुलं तिथून इंजिनीयर झाली. पण ज्यांच्या नावाचं कॉलेज, त्या माणसाने नेमकं काय केलं, हे विचारलं तर बहुतेकांची गाडी साखर कारखान्यापाशी थांबते. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही धंद्यांत त्यांनी हात घातला आणि तिन्ही वेळा भांडवलापेक्षा परवानगीची अडचण मोठी ठरली.

सोलापूरची पेढी आणि बार्शीची रेल्वे

वालचंद शेठ २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मले. घराणं गुजरातेतून आलेलं दिगंबर जैन. कापसाचा व्यापार आणि सावकारीची पेढी. कॉलेजात गेले, पण पदवीपर्यंत पोचले नाहीत. घरच्या धंद्यातही जीव रमेना. तेव्हा रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी त्यांनी भागीदारी केली. एकाकडे कामाची माहिती, दुसऱ्याकडे पैसा आणि पत. बार्शी लाइट रेल्वेच्या एका तुकड्याचं काम ही सुरुवात.

तिथून ठेकेदारी वाढत गेली. पहिल्या महायुद्धात सरकारी आणि लष्करी बांधकामं मिळाली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि बोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं काम तिने केलं. आजही पुण्याहून मुंबईला जाताना आपण त्याच घाटातून जातो. थोडक्यात, इंग्रज सरकार हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे भांडण झालं ते याच गिऱ्हाइकाशी.

ग्वाल्हेरच्या महाराजांची बोट

‘लॉयल्टी’ मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, कॅनडियन पॅसिफिक कंपनीची प्रवासी बोट. महायुद्धात ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी घेऊन जखमी सैनिकांसाठी इस्पितळ-बोट केली. युद्ध संपल्यावर ती विकायला निघाली. वालचंद शेठनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्याबरोबर तो सौदा केला. मार्च १९१९ मध्ये कंपनी नोंदवली गेली आणि तिचं नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी घराण्याचं नाव हिंदी जहाज धंद्याला असं चिकटलं.

याआधी असे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. जमशेटजी टाटांची जहाज लाइन भाड्याच्या स्पर्धेत टिकली नाही. तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली, तर ते दोन वर्षांत तुरुंगात गेले आणि कंपनी बुडाली. त्यामुळे सिंदियाचंही तसंच होणार, अशी पुष्कळांची अटकळ होती.

‘लॉयल्टी’ फार वर्षं चालली नाही. जुनी बोट, खर्च जास्त. १९२३ मध्ये ती मोडीत गेली. पण कंपनी राहिली.

रिबेटची गाठ

समोर होते लॉर्ड इंचकेप. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या दोन्ही कंपन्यांची सूत्रं त्यांच्या हातात. किनाऱ्यावरचा आणि ब्रह्मदेशाकडचा बहुतेक माल यांच्याच बोटींतून जायचा.

त्यांचं एक हत्यार कॉमर्सच्या विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखं आहे. त्याला डिफर्ड रिबेट म्हणत. व्यापारी वर्षभर माल पाठवणार, पूर्ण भाडं भरणार. त्यातली काही टक्के रक्कम कंपनी परत देणार, पण लगेच नाही, काही महिन्यांनी. मधल्या काळात व्यापाऱ्याने एक पोतं जरी दुसऱ्याच्या बोटीत चढवलं, तर साठलेली सगळी सूट बुडाली. आपल्या बाजारपेठेत एखादा मोठा होलसेलर किराणा दुकानदाराची दिवाळीची स्कीम अडकवून ठेवतो, तसाच हा प्रकार. कायद्याने बंदी नाही, पण व्यापारी हलू शकत नाही.

दुसरं हत्यार भाडं पाडण्याचं. सिंदियाची बोट ज्या मार्गावर जाईल तिथे भाडं इतकं खाली आणायचं, की नव्या कंपनीला कोळशाचा खर्चही सुटू नये. मोठ्या कंपनीला जगभरातल्या मार्गांवरून कमाई होती, एका मार्गावरचा तोटा ती सोसू शकत होती. सिंदियाला ते परवडणारं नव्हतं. इंचकेपनी कंपनी विकत घेण्याचीही तयारी दाखवली. भागीदार विकायला तयार झाले नाहीत.

शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्यापुरतं राहायचं, परदेशी मार्गांवर जायचं नाही, ताफ्यालाही मर्यादा. वालचंद शेठना हा करार मनापासून पटलेला नव्हता. पण कंपनी जगवायची तर दुसरा रस्ता नव्हता. लंडनच्या सफरीने सुरू झालेली कंपनी चार वर्षांत किनाऱ्याला बांधली गेली.

कायद्याची लढाई

तेव्हापासून त्यांनी मागणी लावून धरली ती किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याची. कितीतरी देश आपापल्या किनाऱ्यावर हेच करत होते. सिंदियाचे साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२८ मध्ये तसं बिल आणलं. चर्चा खूप झाली, पण कायदा झाला नाही. उलट १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अ‍ॅक्टमध्ये ब्रिटिश कंपन्या आणि ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करता येणार नाही, अशी कलमंच घातली गेली. म्हणजे उद्या हिंदी मंत्रिमंडळ आलं, तरी या विषयाला हात लावायची सोय ठेवली नाही.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किनारा राखीव झाला असता तर सर्वांत जास्त फायदा सिंदियाचाच होता. स्पर्धा गेली की भाडं वाढेल आणि व्यापाऱ्याच्या खिशातून जाईल, हा विरोधकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. वालचंद शेठ देशहित बोलत, तेव्हा त्यात त्यांच्या कंपनीचं हितही असायचं. त्यांनी ते लपवलंही नाही. प्रश्न एवढाच होता की मक्तेदारी कुणाची तरी होतीच, मग ती लंडनच्या ऑफिसातली का?

सिंदिया मात्र वाढत गेली. मुंबईहून कोकण-गोव्याकडे बोटी सोडणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे तिच्याच छत्राखाली आली. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी पणजी, मालवण, वेंगुर्ल्याच्या आगबोटींच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यामागे हा सगळा हिशेब होता.

विमानातली ओळख, विमानाचा कारखाना

१९३९ मध्ये वालचंद शेठ मोटार कंपन्यांशी बोलायला अमेरिकेला गेले होते. परत येताना पॅसिफिकवरच्या विमानप्रवासात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी झाली. पॉली चीनसाठी विमानं जुळवण्याचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये होतं ते हिंदुस्थानात का नाही, असा विचार शेठजींच्या डोक्यात आला आणि त्यांनी सरकारकडे प्रस्ताव धाडला.

सरकारला घाई नव्हती. विमानं इंग्लंडमध्ये बनतील, गरज पडेल तशी इकडे येतील, असा हिशेब. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडलं आणि इंग्लंडलाच विमानं पुरेनात, तेव्हा दिल्लीचा सूर बदलला. कारखान्यासाठी म्हैसूर संस्थान पुढे आलं. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन दिली, संस्थानाने भांडवलात वाटा घेतला. २३ डिसेंबर १९४० रोजी बेंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली गेली. १९४१ च्या सुरुवातीला हिंदुस्थान सरकारही भागीदार झालं. त्याच वर्षी तिथे जुळवलेलं पहिलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं.

मग जपान ब्रह्मदेशात घुसला. लढाई दारात आल्यावर कारखाना खासगी माणसाच्या हातात ठेवायला सरकार तयार नव्हतं. एप्रिल १९४२ मध्ये वालचंद शेठचा हिस्सा भरपाई देऊन सरकारने घेतला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन लष्करी विमानदलाच्या ताब्यात गेला. तिथे नवीन विमानं बांधण्याऐवजी लढाईत मोडलेली विमानं दुरुस्त होऊ लागली. युद्धाच्या दृष्टीने ते काम मोलाचं होतं यात शंका नाही. पण विमान बांधायला शिकणं मागे पडलं. हाच कारखाना पुढे १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स, म्हणजे आपला एचएएल झाला.

जहाज आणि मोटार

जहाज बांधणीचंही तसंच. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी त्याच बंदरावर बॉम्ब टाकले आणि कामाला खीळ बसली. युद्धात जहाजं बुडत होती, जहाजांची टंचाई होती, तरी हिंदुस्थानात नवी मोठी जहाजं बांधण्यापेक्षा दुरुस्तीवरच सरकारचा भर राहिला. इथून निघालेलं पहिलं मोठं जहाज ‘जलउषा’ पाण्यात उतरलं ते १४ मार्च १९४८ ला, पंडित नेहरूंच्या हस्ते.

मोटारीसाठी १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला होता. योजना सर विश्वेश्वरय्यांच्या मनात आधीपासून होती. म्हैसूर संस्थान मदतीला तयार होतं, पण वरून ते अडवलं गेलं. मोटार कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही, असं कारण दिलं गेलं. लष्कराला ट्रक लागत होते, ते मात्र बाहेरून येत होते. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघायला १९४७ उजाडलं.

स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखीव झाली. पण विशाखापट्टणमची गोदी १९५२ मध्ये मुख्यतः सरकारची झाली. म्हणजे परक्या सरकारने विमान घेतलं आणि आपल्या सरकारने गोदी. तोवर शेठजींची तब्येत ढासळली होती. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि कामातून ते बाजूला झाले. गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. धंदे भावांनी आणि पुढच्या पिढीने सांभाळले. त्यांच्या देणगीनंतर सांगलीच्या कॉलेजला १९५५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. सिंदिया कंपनी मात्र आता इतिहासजमा झाली.

आपला त्याच्याशी काय संबंध?

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून कास्टिंग परदेशी जातं. हत्तरगीजवळच्या एसईझेडमध्ये परदेशी विमान कंपन्यांसाठी सुटे भाग बनतात. आपल्या पोरांना तिथे काम मिळतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण माल ज्या जहाजातून जातो ते बहुधा परदेशी मालकीचं असतं. लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि कंटेनरचं भाडं वाढलं, तेव्हा दर ठरवायला आपल्याला कुणी बोलावलं नाही. दुसरा देश आयात कर वाढवतो, तेव्हाही ऑर्डर इथली थांबते.

आणि बेंगळूरचा तो कारखाना? एका अमेरिकन माणसाशी झालेल्या ओळखीतून तो उभा राहिला. आज तिथे तेजस विमानाचा सांगाडा तयार होतो, पण इंजिन अमेरिकेतून येतं, आणि ते वेळेवर आलं नाही म्हणून वायुदलाला विमानांची वाट पाहावी लागली.

वालचंद शेठनी बोट घेतली तेव्हा पैसा होता, माणसं होती, बाजारही होता. नव्हता तो अधिकार. आज अधिकार आपल्याकडे आहे. इंजिन अजून नाही. ५ एप्रिलला झेंडे लावताना निदान एवढा ताळेबंद मांडला, तरी त्या बोटीची आठवण ठेवल्यासारखं होईल.