अलेक इसिगोनिस : लहान इंजिनाचा पुरस्कर्ता

जुनी मिनी विकत घेऊ पाहणाऱ्या शौकिनाला गाडीचा रंग आणि साल यांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. इंजिन कोणते घ्यावे? ८४८ सीसीचे, ९९८ सीसीचे की १२७५ सीसीचे? बाहेरून जवळपास सारख्याच दिसणाऱ्या या गाड्या रस्त्यावर अगदी निरनिराळ्या वागतात. या प्रश्नाचे धागेदोरे मिनीचे जनक सर अलेक इसिगोनिस यांच्या आयुष्यात सापडतात. आणि गंमत अशी, की आज सर्वाधिक भाव खाणारी मिनी त्यांच्या मूळ कल्पनेत नव्हतीच.

इसिगोनिस यांचा जन्म १९०६ साली तुर्कस्तानातील स्मिर्ना म्हणजे आजच्या इझमीर शहरात झाला. वडील ग्रीक वंशाचे, पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. १९२२ मध्ये युद्धाच्या धुमश्चक्रीत कुटुंबाला घरदार सोडून माल्टा गाठावे लागले. तेथे वडील वारले आणि माय-लेक इंग्लंडमध्ये आले. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये अभियांत्रिकी शिकताना त्यांची चित्रकला उत्तम होती, गणिताने मात्र तीनदा दगा दिला. गणित हे सर्जनशीलतेचे शत्रू आहे, असे ते पुढे आयुष्यभर मानत राहिले. कागदावर हाताने झरझर रेखाटन करून ते सहकाऱ्यांच्या हाती सोपवीत; आकडेमोड इतरांनी करावी.

१९३६ मध्ये ते काउली येथील मॉरिस कंपनीत दाखल झाले. युद्धकाळात त्यांनी आखलेली छोटी गाडी १९४८ मध्ये मॉरिस मायनर या नावाने बाजारात आली. उत्पादन सुरू होण्याच्या तोंडावर ती त्यांच्या नजरेला अरुंद वाटली, तेव्हा नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून चार इंचांनी रुंद करण्यात आली. कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांना ती मुळीच रुचली नव्हती. तिचे रूप त्यांना पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखे वाटले. ब्रिटनमध्ये दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली मोटार ठरली, हे नफिल्ड यांच्या पारखीविषयी पुरेसे बोलके आहे.

इंजिनाच्या आकाराचा पेच येथेच प्रथम उभा राहिला. इसिगोनिस यांना मायनरसाठी आडव्या सिलिंडरांचे नवे इंजिन हवे होते. घरच्या बाजारासाठी ८०० आणि निर्यातीसाठी ११०० सीसी. खर्चाच्या कारणाने ते बारगळले आणि गाडीला जुनेच ९१८ सीसीचे इंजिन मिळाले. पुढे ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आल्यावर ८०३, मग ९४८ आणि अखेरीस १०९८ सीसी अशी चढण झाली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने हीच मायनर ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून बनवली होती.

१९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाने ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. तीनचाकी बबल कार रस्त्यावर दिसू लागल्या. बीएमसीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना त्यांचा मनस्वी तिटकारा. अल्विस कंपनीत तीन वर्षे काढून परतलेल्या इसिगोनिस यांना त्यांनी १९५७ मध्ये खरीखुरी लहान मोटार बनवण्यास सांगितले. अट एकच : इंजिन कंपनीकडे आहे तेच वापरायचे.

गाडीची लांबी दहा फूट ठरली. त्यातली बहुतेक जागा माणसांना आणि सामानाला द्यायची, तर इंजिनासाठी उरते काय? इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीत घातला आणि पुढची चाके फिरवली. चाके अवघी दहा इंचांची, आणि स्प्रिंगांच्या जागी अलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू. इंजिन आणि गिअर यांना एकच तेल पुरते, म्हणून जुनी मिनी घेणाऱ्याने इंजिन कोणतेही असो, तेल वेळेवर बदलण्यात हयगय करू नये.

पहिल्या नमुन्यांत ९४८ सीसीचे इंजिन होते आणि ते ताशी ९० मैलांपर्यंत धावले. सामान्य कुटुंबाच्या गाडीला एवढा वेग कशाला? पिस्टनची धाव कमी करून इंजिन ८४८ सीसीवर आणले गेले. ३४ अश्वशक्ती आणि ताशी सुमारे ७२ मैल. २६ ऑगस्ट १९५९ रोजी गाडी जगासमोर आली, तेव्हा किंमत कर धरून पाचशे पौंडांच्या किंचित आत होती. परिचारिका, शिक्षक, कारखान्यातले कामगार यांची ही गाडी, हेच इसिगोनिस यांच्या डोळ्यांसमोर होते. आरामशीर आसनांचेही त्यांना वावडे होते. चालकाने सावध बसावे, एवढीच अपेक्षा.

मग आले त्यांचे मित्र आणि शर्यतीच्या मोटारी बनवणारे जॉन कूपर. या गाडीच्या चपळाईत त्यांना शर्यत दिसली. इसिगोनिस फारसे राजी नव्हते. कूपर यांनी थेट कंपनीचे जॉर्ज हॅरिमन यांना गाठले आणि हजार गाड्यांची परवानगी मिळवली. १९६१ मध्ये ९९७ सीसीची मिनी कूपर आली, १९६३ मध्ये १०७१ सीसीची कूपर एस आणि १९६४ मध्ये ९७० व १२७५ सीसीच्या आवृत्त्या. १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली मिनीने जिंकली. ज्या बदलाविषयी निर्माता उदासीन होता, त्यानेच गाडीला दंतकथेचे वलय दिले.

खरेदीदाराच्या दृष्टीने हिशेब असा. ८४८ सीसीची गाडी हळू, पण गोड. ती मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळची. १९६७ पासून साध्या मिनीत मिळू लागलेले ९९८ सीसीचे इंजिन रोजच्या वापराला अधिक सोयीचे आणि सोशिक. १२७५ मध्ये जोर खरा, पण त्याच ठोकळ्यात मोठे सिलिंडर बसवताना मधल्या भिंती पातळ झाल्या. ते अधिक तापते आणि गिअरबॉक्सवर ताण आणते. इंजिने सहज अदलाबदल होणारी असल्याने इंजिनावरचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय कूपर एसची किंमत मोजणे म्हणजे निव्वळ भाबडेपणा.

नंतर इसिगोनिस यांनी ११००, १८०० या गाड्या आणल्या. १९६७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९६९ मध्ये सर हा किताब मिळाला. पण १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड स्थापन झाल्यावर त्यांचे वजन उतरले. मिनीची जागा घेणारी, तिच्याहूनही आखूड ‘नाइन एक्स’ ही गाडी नव्या, हलक्या इंजिनासह त्यांनी सिद्ध केली होती; ती अडगळीत गेली. ब्रिटिश मोटार उद्योगाने गमावलेल्या संधींत हिचा क्रमांक वरचा लागावा. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले, पुढच्याच वर्षी आयुष्यभर सोबत राहिलेली आई गेली. ते अविवाहित होते. घरी ते गिअर नसलेल्या मिनीचे प्रयोग करीत राहिले. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचे निधन झाले.

मिनीचे उत्पादन त्यानंतरही बारा वर्षे चालले. ९९८ सीसीचे इंजिन १९९२ मध्ये थांबले आणि ऑक्टोबर २००० मध्ये लाँगब्रिजच्या कारखान्यातून जी शेवटची मिनी बाहेर पडली, तिच्यात होते १२७५ सीसीचे इंजिन आणि तिच्यावर नाव होते कूपर.