गुरुवर्य पेस्तालोझी

वर्गात जी मुले चटकन उत्तर देतात, त्यांच्याकडे शिक्षकाचे लक्ष आपोआप वळते. त्यांना शिकविण्यास श्रम थोडे पडतात व त्यांच्या यशाने शाळेचेही नाव होते. शेवटच्या बाकावरील मुलगा मात्र अर्धवट सोडविलेला हिशेब पुढे घेऊन बसलेला असतो, आणि तास संपतो. या दोघांस समदृष्टीने वागवावे, हे बोलणे सोपे; आचरणे कठीण. स्वित्झर्लंडमधील योहान हाइनरिख पेस्तालोझी यांनी आपले सारे आयुष्य या एका गोष्टीपायी वेचले. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व त्यांच्या आईबापांनीही वाचण्याजोगे आहे.

पेस्तालोझींचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजी झुरिच शहरी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. ते मुलगा पाच वर्षांचा असतानाच वारले. आई व बाबेली नावाची एक एकनिष्ठ मोलकरीण या दोघींनी मोठ्या काटकसरीने मुलांचे संगोपन केले. घराबाहेर फारसे न पडल्यामुळे हाइनरिख खेळात अनाडी व वागण्यात भोळसर राहिला. त्याचे अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहूनही वाईट. सोबती त्याची थट्टा करीत व त्याला नाना टोपणनावे ठेवीत. पण एकदा भूकंपाचा धक्का बसून गुरुजींसह सारी शाळा जिना उतरून पळाली, तेव्हा मागे राहिलेल्या टोप्या व पुस्तके आणण्यास पुन्हा वर गेला तो हाच मुलगा! त्याचे आजोबा खेड्यात पाळक होते. सुट्टीत त्यांच्याबरोबर गरिबांच्या घरी जाता जाता दारिद्र्य म्हणजे काय, हे त्याने लहानपणीच पाहिले.

१७६९ मध्ये आन्ना शुल्टहेस या सुशील स्त्रीशी पेस्तालोझींचा विवाह झाला. त्यांनी नॉयहोफ येथे शेती आरंभिली; ती बुडाली. मग १७७४ मध्ये त्याच घरी गरीब मुलांना आणून त्यांस सूत कातणे, विणणे व त्याबरोबर लिहिणे-वाचणे शिकविण्याचा उद्योग त्यांनी मांडला. १७८० मध्ये तोही बंद पडला व पत्नीचा बराचसा पैसा त्यात गेला. याच काळात आपल्या एकुलत्या एका मुलास, तो अवघा साडेतीन वर्षांचा असताना, त्यांनी शिकविण्यास घेतले. मूल कंटाळे, आणि बाप हट्टास पेटे. हे सारे त्यांनी १७७४ च्या आपल्या रोजनिशीत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. मुलाची इच्छा व शक्ती न पाहता त्याला पुढे रेटले असता काय होते, याचा पहिला अनुभव त्यांना असा स्वतःच्या घरीच आला. हा मुलगा पुढे फेफऱ्याने आजारी राहिला व १८०१ मध्ये पित्याच्या हयातीतच निवर्तला.

१७८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीनहार्ट आणि गर्ट्रूड’ या कादंबरीने त्यांचे नाव झाले. परंतु त्यांच्या जीवनातील खरे सोन्याचे पान १७९९ सालचे होय. आदल्या वर्षी सप्टेंबरात फ्रेंच सैन्याने श्टान्स गावाची धूळधाण केली होती व पुष्कळ मुले पोरकी झाली होती. सरकारने एका मठाच्या इमारतीत अनाथगृह उघडले व ते पेस्तालोझींच्या स्वाधीन केले. त्यांचे वय तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. मदतीस काय ती एक घरकाम पाहणारी बाई. सुमारे ऐंशी मुले जमली. कित्येकांच्या अंगाला खरूज, केसांत उवा. काही भिक्षेवर वाढलेली, कोणावरही विश्वास न ठेवणारी; तर काही एके काळी सुखवस्तू घरांत लाडाकोडात वाढलेली व भिकाऱ्यांच्या पोरांना तुच्छ लेखणारी. या सर्वांबरोबर पेस्तालोझी जेवत, त्यांच्यातच निजत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. ज्या मुलाला चार अक्षरे अधिक येत, त्याला ते दोन कमी येणाऱ्या मुलांच्या मध्ये बसवीत व त्याने दोघांना शिकवावे असे करीत. हुशार मुलाची हुशारी अशा रीतीने त्याच्या गर्वाचे कारण न होता शेजाऱ्याच्या उपयोगी पडे. थोड्याच महिन्यांत मुलांचे चेहरे पालटले. पण जूनमध्ये सैन्याला रुग्णालयासाठी जागा हवी झाली व अनाथगृह उठले. पेस्तालोझी तर थकून रक्त ओकण्याच्या स्थितीस आले होते.

त्याच वर्षी ते बुर्गडोर्फ येथे लहान मुलांना शिकवू लागले. वस्तू आधी डोळ्यांनी पाहावी, हाताने मोजावी, मग तिचे नाव घ्यावे. अगदी सोप्यापासून आरंभ करावा, आणि एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरीवर पाय ठेवू नये, ही त्यांची पद्धती. ‘वस्तुपाठ’ हा शब्द आपल्या शाळांतून परिचित आहे. त्या पद्धतीचे मूळ पुष्कळ अंशी येथेच सापडते. या पायऱ्या इतक्या लहान असत की, मंद समजला जाणारा मुलगाही त्या चढे.

१८०५ ते १८२५ पर्यंत इव्हेर्दों येथील किल्ल्यात त्यांची शाळा होती. देशोदेशींचे विद्यार्थी व पाहुणे तेथे येत. बालोद्यानाचे जनक फ्रोबेलही तेथे राहून गेले. परंतु कीर्तीबरोबर मोहही आला. बडे पाहुणे आले की, गणितात तरबेज मुले पुढे उभी करून त्यांचे कौशल्य दाखविले जाई. ज्यांना दाखविण्याजोगे काही येत नव्हते, ती मुले अर्थात मागे राहत. पुढे शिक्षकांत कलह माजला व शाळा बंद पडली. १८१८ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ग्रंथांच्या उत्पन्नाच्या आशेवर या वृद्धाने जवळच क्लँदी येथे गरिबांसाठी निराळी शाळा काढली. त्यांचे मन कोठे गुंतले होते, हे यावरून दिसते. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे त्यांचे देहावसान झाले व बिर गावी शाळेजवळ त्यांना मूठमाती मिळाली.

ज्यांनी आयुष्यभर मागे राहिलेल्या मुलाचा कैवार घेतला, त्यांच्याच शाळेत कीर्तीच्या ओघात हुशार मुले शोभेची वस्तू झाली. मग तुमच्या-आमच्या शाळांनी किती जपावयास हवे बरे? सर्वांना समान वागविणे म्हणजे सर्वांना एकाच वेगाने धावावयास लावणे नव्हे. ज्याची जेथे पायरी असेल तेथून त्याला वर नेणे, आणि तेथपर्यंत त्याच्यासाठी थांबण्यास कंटाळा न करणे, ही खरी समता होय. उत्तर लवकर येणाऱ्या विद्यार्थ्यांनो, शेजाऱ्याला ते समजावून पाहा. तुमचे ज्ञान त्याने दुप्पट पक्के होईल. ज्यांना उशीर लागतो त्यांनी ध्यानात ठेवावे की, शुद्धलेखन न येणाऱ्या एका झुरिचच्या मुलाने साऱ्या युरोपच्या शिक्षकांना शिकविले. आणि पालकहो, प्रगतिपुस्तक हाती आले म्हणजे शेजारच्या मुलाचा क्रमांक विचारण्यापूर्वी, गेल्या वर्षीपेक्षा आपले मूल किती पुढे आले, तेवढे एकदा पाहत जा.